उघडं पाखं

महाबळेश्वर सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या पिशवीत कपडे थोडे आणि खिळे जास्त होते. बेळगावात गाडी बदलताना त्याने ते घेतले होते, मोठे वेगळे, बारके वेगळे, वर्तमानपत्रात बांधून. केशरने पिशवी उचलायला हात घातला तर ती जागची हलेना. वीस वर्षं फौजेत असलेला माणूस बायकोला साडी आणायची सोडून खिळे आणतो, म्हणून शेजारची विमल पोट धरून हसली. केशर मात्र हसली नाही. तिला खिळेच हवे होते.

आंबेखोलची वाडी गुंद गावापासून जंगलातल्या वाटेने अर्ध्या तासावर. घरं सात. त्यातल्या पाच घरांतले तरणे पुरुष गोव्याकडे कामाला होते, ते पावसाच्या तोंडाला भातासाठी परत यायचे. केशरच्या घरी ती आणि तिची सासू पार्वती अशा दोघीच. मुलगी शिल्पा बेळगावात नर्सिंग शिकत होती. घराच्या छपराचं पुढचं पाखं बरं होतं. मागच्या पाख्याचे वासे वाळवीने आतून खाल्ले होते आणि वरची कौलं वानरांनी नाचून फोडली होती. गेल्या पावसात स्वयंपाकघरात चार ठिकाणी भांडी ठेवून केशरने चूल पेटती ठेवली होती. भाताच्या कणगीवर तिने स्वतःचं अंथरूण टाकलं होतं आणि आपण घोंगडीवर झोपली होती. यंदा मे महिन्यात पाखं उतरवायचं, वासे बदलायचे, नवी रीप ठोकायची आणि परत कौलं चढवायची, हे दोघांनी दिवाळीतच ठरवलं होतं. महिन्याची सुट्टी त्याने त्यासाठीच राखली होती.

सुतार भिकाजी गुंदचा. सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेले, पण करवतीवर हात अजून बसलेला. तो खाली बसून लाकूड कापणार आणि महाबळेश्वर वर चढून बसवणार, असं ठरलं. पहिले तीन दिवस कौलं उतरवण्यात गेले. महाबळेश्वर पाख्यावर, शिडीवर केशर, खाली विमल आणि चंद्रा. चंद्रा जंगल खात्याच्या नर्सरीत रोजावर जायची, बाई दांडगी, दोन्ही हातांत मिळून आठ कौलं धरायची. चांगली कौलं फणसाच्या बुडाशी रचली, फुटकी परसात टाकली. कुजके वासे काढताना त्यांचा भुगा केशरच्या केसांत, पापण्यांत बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घराची मागची बाजू सगळी उघडी झाली. स्वयंपाकघरात उभं राहून वर पाहिलं की जांभळीचा शेंडा आणि आभाळ दिसायचं. पार्वती म्हातारी म्हणाली, पन्नास वर्षांत चुलीवर ऊन पडलेलं पहिल्यांदा बघते.

वाडीत फोनला रेंज नाही. रेंज मिळते ती वरच्या माळावर, काजूच्या एका झाडापाशी, तिथवर वीस मिनिटांचा चढ. महाबळेश्वर रोज सकाळी माळावर जाऊन यायचा. एप्रिलात काश्मिरात माणसं मारली गेली होती तेव्हापासून त्याच्या मनात ते होतंच, पण घरात त्याने तसं काही बोलून दाखवलं नव्हतं. बुधवारी तो माळावरून उतरला, सरळ शिडी चढला आणि वासे ठोकायला लागला. खालून भिकाजी द्यायचा, तो वर ओढून घ्यायचा. दोन वासे त्याने एका दमात बसवले. तिसरा अर्धा ठोकून झाल्यावर त्याने हातोडा कमरेला लावला आणि खाली उतरला.

केशरला तेव्हाच कळलं होतं. दोन वासे होईपर्यंत त्याने एकदाही खाली बघितलं नव्हतं.

सुट्टी बंद झाली होती. मिळेल त्या गाडीने निघायचं होतं. रात्रीत सीमेपलीकडे विमानं गेली होती आणि आता पलीकडूनही तोफा चालू झाल्या होत्या, एवढं त्याने सांगितलं. आपली पलटण कुठे असेल ते त्याने सांगितलं नाही आणि केशरने विचारलं नाही. तिने भाकऱ्या थापल्या, उघड्या आभाळाखाली, आणि चटणीबरोबर फडक्यात बांधल्या. त्याने रामनगरहून आणलेली निळी ताडपत्री उघड्या पाख्यावर दोरीने आवळून बांधली. रामनगरात जीप चालवणारा धाकटा भाऊ गणपती चार माणसं घेऊन येईल, भिकाजी सांगेल तसं ते बसवतील, पावसाला अजून महिना आहे, असं तो परत परत म्हणत राहिला. दुपारच्या गाडीसाठी गुंदला चालत गेला. केशर पिशवी घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत गेली. पिशवी आता हलकी होती.

पुढचे तीन दिवस वाडीतली माणसं वाडीचा मानकरी कान्हू गावकार याच्या घरी टीव्हीसमोर बसली. वाडीत टीव्ही त्याच्याकडेच. केशर पहिल्या दिवशी गेली. पडद्यावर सायरन वाजत होते, घरं जळत होती, कुठली आणि केव्हाची ते कळत नव्हतं. ती उंबऱ्यात आली की बोलणं थांबायचं. माणसं पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे बघायची आणि परत पडद्याकडे. कुणीतरी तिला पुढे बसायला पाट दिला. एरवी तिला तिथे कुणी पाट दिला नव्हता. ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. ती सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा माळावर जायची, काजूखाली फोन हातात धरून उभी राहायची. त्याचा फोन बंद लागायचा. शनिवारी संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली, वाडीने सुटकेचा निःश्वास टाकला, विमलने गूळ वाटला. रविवारीही त्याचा फोन बंदच लागला.

त्याच रविवारी दुपारी वारा सुटला. पाऊस नुसता चार थेंब, पण वाऱ्याने ताडपत्री एका कोपऱ्यातून धरली आणि फाडत फाडत दुसऱ्या टोकापर्यंत नेली. निळा तुकडा जांभळीवर जाऊन अडकला. केशर आणि पार्वतीने भाताची कणगी ढकलत ढकलत पुढच्या सोप्यात आणली. म्हातारीने खांदा लावला होता, तिची धाप कितीतरी वेळ बसली नाही.

सोमवारी गणपतीचा निरोप आला. माणसं मिळत नव्हती. लग्नाचे मांडव, पावसाआधीची कामं, रामनगरातला प्रत्येक कामकरी महिनाअखेरपर्यंत अडकलेला. त्याने सांगून पाठवलं होतं की वैनीनं आणि आईनं भात, गुरं शेजारी ठेवावीत आणि पावसाळाभर रामनगरला येऊन राहावं. पार्वतीने निरोप ऐकला आणि ती गुरांना पाणी दाखवायला गेली.

केशर भिकाजीकडे गेली. तिने विचारलं, तो वर चढू शकेल का. म्हाताऱ्याने आपले गुडघे दाखवले. मग तिने विचारलं, तो खाली बसून सांगेल आणि वर कुणी दुसरं चढेल, तर जमेल का. भिकाजीने विचारलं, दुसरं कोण. केशर म्हणाली, मी. भिकाजीने करवतीचे दात बोटाने चाचपले. मग म्हणाला की लाकडाला काही हरकत नाही.

हरकत माणसांना होती. त्या भागात बाई पाख्यावर चढत नाही. खाली देव असतात, चूल असते. शिडीपर्यंत ठीक, त्यावर नाही. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण कुणी कधी मोडलंही नव्हतं. भिकाजीकडून गोष्ट फुटली आणि संध्याकाळी कान्हू गावकार अंगणात येऊन बसला. कान्हू वाईट माणूस नव्हता. दोन वर्षांपूर्वी केशरची म्हैस अडली तेव्हा सबंध दिवस तो गोठ्यात बसला होता. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, पावसाचं, काजूचं. मग जमिनीकडे बघत बोलला.

"धनी लढाईवर, आनि बाय पाख्यावर. मी वाईट सांगत न्हाई गे. पन उद्या तिकडं कायबी झालं, तर लोकं तुझं नाव घेतील. जल्मभर घेतील."

केशरच्या मनात जे होतं तेच तो बोलला होता. पाच दिवस फोन बंद होता. पाख्यावर पाय ठेवावा आणि त्याच वेळी तिकडे काही व्हावं, हा विचार तिने दिवसभर बाजूला सारला होता आणि तो परत येत होता. कान्हू चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर पार्वतीने तिला जवळ बसवलं. म्हातारी कमी बोलणारी. तिचा नवरा झिलू एकाहत्तरच्या लढाईत होता आणि मांडीत लोखंड घेऊन परत आला होता, एवढंच केशरला माहीत होतं. सासरा तिच्या लग्नाआधीच वारला होता. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो होता.

पार्वतीने सांगितलं, ती तेव्हा अठरा वर्षांची होती. चार महिने कागद आला नाही. आधी लोक विचारायचे, मग विचारायचे थांबले. एका लग्नात हळद वाटणारी बाई ओळीने येत येत तिच्यापर्यंत आली, थबकली, आणि वाटी घेऊन पुढच्या बाईकडे गेली. ती तशीच जेवायला बसली. मग दवाखान्यातून कागद आला, तो जिवंत होता. घरी आला तो काठीवर. त्या साली शेत कुणी नांगरायचं, हा प्रश्न होता. दिराला स्वतःचं शेत होतं.

"नांगर मी धरला," पार्वती म्हणाली. "पहाटं, माणसं उठायच्या आदी. उजाडलं की बैल सोडायची आनि घरात येऊन बसायची. आट दिस तसं केलं. लोकं म्हनली, दिरानं नांगरलं. मी म्हनू दिलं. तुझं मामंजीबी तेच म्हनायचं. आजतागत कुनाला सांगितलं न्हाई."

केशर तिच्या हातांकडे बघत राहिली.

"मी चोरून नांगर धरला, केशर. तू चोरून चढू नको. सगळी बगत असताना चढ."

मंगळवारी सकाळी केशरने महाबळेश्वरची जुनी हिरवी पॅन्ट घातली, कमरेला सुतळीने आवळली, वर त्याचाच सदरा घातला. अंगणात विमल होती, चंद्रा होती, आणखी तिघी बायका कुंपणापाशी उभ्या होत्या. कान्हूच्या ओसरीवर दोन म्हातारे बसून बघत होते. पार्वतीने अंगणाच्या मध्यावर पाट मांडला आणि पदर खांद्यावर घेऊन बसली, जशी एखाद्या कार्यात घरची वडीलधारी बसते. केशरने शिडीला हात लावून कपाळाला लावला आणि चढली.

खालून पाखं उतरतं दिसतं, वरून ते कोसळतं दिसतं. तिने एका हाताने आढं घट्ट धरलं आणि वाशावर पाय आडवा रोवला. नवऱ्याने अर्धा ठोकलेला वासा पहिला पुरा केला. हातोडा दोनदा खिळ्यावर, तिसऱ्यांदा अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं झालं. चंद्राने खालून पाहिलं, साडीचा काष्टा मारला आणि तीही वर आली. दोघींनी मिळून दुपारपर्यंत चार वासे बसवले. भिकाजी खाली फणसाच्या सावलीतून ओरडायचा, डावीकडं घे, दाब, आता ठोक. संध्याकाळी केशरचे गुडघे सोलवटले होते. पार्वतीने करंजाचं तेल कोमट करून लावलं.

दुसऱ्या दिवशी रीप. वाशांवर आडव्या पट्ट्या ठोकायच्या, पोफळीच्या फाळलेल्या, त्यावर कौलाचं नाक अडकतं. दोन रिपांमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं. भिकाजीने मापाची काठी कापून दिली होती. केशर एक रीप ठोकायची, काठी लावायची, दुसरी ठोकायची. काम भराभर झालं, तिला स्वतःचंच नवल वाटलं. गुरुवारी कौलं चढवायला लागल्या. बायकांची रांग झाली, फणसापासून शिडीपर्यंत सहा जणी, हातातून हातात कौल वर येत होतं. पहिली ओळ बसली, दुसरी बसली. पाचव्या ओळीत कौल नीट टेकेना. सहाव्या ओळीत एक कौल हातातून सुटलं नाही, बसवलेलं निसटलं, घसरत गेलं, आणि खाली विमलच्या पायाजवळ फुटलं. त्याच्यामागे आणखी दोन.

नेमका त्याच वेळी गणपती आला होता, जीप गुंदला ठेवून, आईला न्यायला. तो हसला. मोठ्याने नाही, नाकातून. वैनीला हे काम सांगितलं तरी कुणी, असं काहीसं तो भिकाजीला म्हणाला. मग वर बघून म्हणाला की पाखं उतरवायचं आणि रामनगरला यायचं, अजून वेळ गेली नाही.

केशर वर बसून होती. तिने काठी घेतली आणि रिपांवर परत परत लावून पाहिली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. पहिल्या चार रिपांना तिने काठी खालच्या कडेपासून लावली होती, पुढे वरच्या कडेपासून. दर वेळी रिपेच्या रुंदीएवढं, दोन बोटं अंतर जास्त पडलं होतं. चूक भिकाजीची नव्हती, लाकडाची नव्हती, तिचीच होती. ती खाली आली आणि सगळ्यांसमोर ते सांगितलं, गणपतीलाही. मग रांगेला म्हणाली की लावलेली कौलं परत उतरवायची आहेत.

बायकांनी उतरवली. कुणी कुरकुरली नाही. विमलने फुटक्या कौलांचे तुकडे गोळा केले. केशर आणि चंद्राने रिपा उपटल्या, साठ-सत्तर खिळे वाकडे झाले. बारके खिळे पुरणार नव्हते. दुपारच्या उन्हात केशर दगडावर एकेक खिळा ठेवून हातोडीने सरळ करत बसली. गणपती थोडा वेळ उभा राहिला. त्याने आईला चल म्हटलं नाही. जायच्या आधी तो फणसाखाली बसून वीसेक खिळे सरळ करून गेला.

शुक्रवारी रीप पुन्हा ठोकली. या वेळी प्रत्येक रिपेला केशरने काठी तीन ठिकाणी लावली, दोन्ही टोकांना आणि मधे, आणि दोरी ताणून धरली. दहाच्या सुमाराला ती आढ्याजवळच्या रिपेवर होती. तेव्हा माळाच्या वाटेवरून विमल धावत येताना दिसली.

विमल आपल्या नवऱ्याला फोन करायला माळावर गेली होती. ती धावत होती. पदर सुटला होता, हात वर करून ती काहीतरी ओरडत होती आणि वाऱ्याने ते ऐकू येत नव्हतं. केशरच्या हातातला हातोडा तसाच राहिला. चंद्राने तिची पॅन्ट मागून मुठीत धरली, पडू नये म्हणून. खाली पार्वती पाटावरून उठून उभी राहिली होती. ओसरीवर कान्हू गावकारही उठला होता. वाटेचं वळण झाडांआड होतं, विमल त्यात दिसेनाशी झाली. केशरने त्या वेळात डोळे मिटले नाहीत. वाट जिथे झाडांतून बाहेर येते त्या जागेकडे ती बघत राहिली.

विमल अंगणात आली आणि आधी तिला बोलताच येईना. मग म्हणाली,

"फोन लागला. तुझ्या मानसाचा. माझ्या नंबरावर केलान. बरा हाय."

केशरला एकदम वाशावर बसावं लागलं. खाली पार्वतीने दोन्ही हात जोडले आणि परत पाटावर बसली. विमलने मग दम घेऊन सगळं सांगितलं. फोन करायला बंदी होती, आज उठली. त्यांच्या बाजूला गोळे पडले होते, पलटणीतल्या एका पोराचा हात गेला, ह्याला काही झालं नाही. सुट्टी कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं. घराची ताडपत्री टिकली का, असं त्याने विचारलं.

"मग तू काय म्हनलीस?" वरून केशरने विचारलं.

"म्हनलं, ताडपत्री गेली उडून. घरावर आता केशर हाय."

चंद्रा हसली. केशरही हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने सदऱ्याच्या बाहीने पुसलं. बाहीला भुसा होता, डोळे आणखी चुरचुरले. मग तिने दोरी परत ताणायला सांगितली. कान्हू ओसरीवर बसला. थोड्या वेळाने त्याच्या घरून त्याची सून ताकाची कळशी घेऊन आली आणि ती स्वतःही रांगेत उभी राहिली.

कौलं चढवायला तीन दिवस लागले. उन्हात कौल इतकं तापायचं की हाताला फडकं गुंडाळूनही भाजायचं. केशरच्या पायाच्या पोटऱ्यांत रात्री पेटके यायचे. पण ओळ ओळीवर बसत गेली, कौलाचं नाक रिपेत खट् करून अडकायचं आणि तो आवाज आला की खालची रांग पुढचं कौल वर सोडायची. सोमवारी आढ्यावरची मोठी कौलं राहिली. चुना-सिमेंट कालवून बादली वर ओढली. शेवटचं कौल दाबून बसवल्यावर केशर आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसली.

लग्न होऊन ती वीस वर्षांपूर्वी या घरात आली होती. आपलं शेत तिने बांधावरून पाहिलं होतं, चिखलातून पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं. सगळे वाफे एकाखाली एक, ओढ्याने घेतलेलं वळण, पलीकडे जंगल, आणि त्यात गुंदला जाणारी वाट कुठे दिसते कुठे नाही. वाडीची सातही घरं तिच्या खाली होती. कुणाचं कौल कुठे सरकलंय तेही तिला दिसत होतं. पार्वतीने जेवायला हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, तेव्हा ती उतरली.

पाऊस मंगळवारी दुपारी आला. यंदा तो कुणाला न सांगता आला, मे सरायच्या आतच, आणि चार दिवस थांबला नाही. गोव्याकडचे पुरुष धावतपळत परत येत होते. केशर स्वयंपाकघराच्या मध्यावर उभी राहिली आणि वर बघत राहिली. कौलांवर पाण्याचा आवाज घुमत होता. भिंतीलगत एका ठिकाणी थेंब पडायला लागला. ती शिडीवरून आतूनच वर पोचली, एक कौल बोटभर सरकवलं, थेंब थांबला. पार्वतीने चुलीपाशी हात फिरवून पाहिला. जमीन कोरडी होती. तिने कणगी परत आत आणायला सांगितली.

महाबळेश्वर आला तो दिवाळीनंतर. बारीक झाला होता, अंधारात जिना उतरल्यासारखा चाचपून पाय टाकायचा, मोठा आवाज झाला की त्याची मान वळायची. केशरने त्याला काही विचारलं नाही. पहिल्या सकाळी तो चहा न घेताच शिडी घेऊन मागच्या पाख्यावर चढला. ती खाली भांडी घासत होती. तो वर कौलांवर हात फिरवत, रिपा चाचपत, बराच वेळ फिरत राहिला. एक कौल त्याने उचलून पाहिलं आणि परत बसवलं. खाली आला, तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आढं सरळ हाय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "माझ्यानं येवढं सरळ झालं नसतं."

तिने त्याच्या हातात चहा दिला.

त्या आठवड्यात गावच्या देवळात बैठक बसली. श्रावणात देवळावर किंदळाच्या झाडाची फांदी पडून एका बाजूचं पाखं खचलं होतं. पुरुष सभामंडपात बसले, बायका कडेला खांबांपाशी. कान्हू गावकाराने सांगितलं की रामनगरच्या कामकऱ्यांनी दोनदा वायदा केला आणि दोनदा चुकवला. मग तो महाबळेश्वरकडे वळला. फौजी माणूस, सुट्टीवर आहे, त्यानेच हे अंगावर घ्यावं, माणसं गावाची देऊ.

महाबळेश्वर मांडी घालून बसला होता.

"मी धा दिसांनी जानार," तो म्हणाला. "आनि खरं सांगायचं तर मला यातलं हिच्यायेवढं कळत न्हाई. ईचारायचं ते हिला ईचारा."

मागून एका म्हाताऱ्याने हळू आवाजात म्हटलं की घराची गोष्ट वेगळी, हे देवाच्या डोक्यावर चढणं. दोघाचौघांनी माना हलवल्या. केशर खांबाला पाठ लावून बसली होती. तिने मान खाली घातली नाही, पण उठलीही नाही. तिच्या शेजारी पार्वती होती. सगळे कान्हूकडे बघत होते.

कान्हू गावकाराने टोपी काढून मांडीवर ठेवली. मे महिन्यात तो तिच्या अंगणात जमिनीकडे बघत बोलला होता. आता त्याने तिच्याकडे बघून विचारलं.

"केशर, कौलं किती लागतील?"

ती उठली. मंडपाच्या मधून जायला वाट नव्हती. पुढे बसलेल्या माणसांनी पाय आत घेतले आणि वाट केली. ती खचलेल्या बाजूला गेली, मान वर करून पाहिलं, हात पोचेल तिथल्या वाशावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, दुसऱ्यावर ठोकलं, तिसऱ्यावर ठोकून कान दिला.

"कौलांचं मागनं बगू," ती म्हणाली. "आदी वासं बदलायला पायजेत. हे तीन आतनं गेल्यात. मला वर जाऊन बगावं लागंल."

कान्हूने टोपी डोक्यावर चढवली, गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि शिडी आणायला बाहेर गेला.